बूथ मोजायचे आधी, मतं नंतर: जिल्ह्याचं निवडणूक कार्यालय खर्चाचा अंदाज कसा बांधतं

२० मे २०२४ ला महाराष्ट्रात लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा पार पडला आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. मध्ये बरोबर सहा महिने. शाळा त्याच, वर्ग तेच, बोटाला शाई लावायला बसलेले गुरुजीही बऱ्याच ठिकाणी तेच. पण पहिल्या खेपेचं बिल गेलं दिल्लीच्या नावावर आणि दुसऱ्या खेपेचं मुंबईच्या.

‘एक देश, एक निवडणूक’चं विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलं गेलं. तेव्हापासून निवडणुकीच्या खर्चावर प्रत्येकाचं काहीतरी मत आहे. मात्र नेमका कोणता खर्च, तो करतं कोण आणि त्याचा अंदाज आधी बांधतं कोण, असं विचारलं की बोलणं उमेदवाराच्या गाड्या आणि जेवणावळींकडे वळतं. तो खर्च निराळा. इथं बोलायचंय ते कलेक्टर कचेरीतल्या निवडणूक शाखेबद्दल. मतदान घडवून आणण्याचा खर्च याच शाखेला आधी कागदावर आणि मग प्रत्यक्षात पेलावा लागतो.

खर्चाच्या तीन वह्या

पहिली वही उमेदवाराची. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. ही मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये ठरली. हा पैसा सरकारचा नाही. अर्ज भरताना उमेदवार जी अनामत ठेवतो (लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी) ती जप्त झाली तरी तेवढ्यावर मतमोजणीचा मांडवही उभा राहायचा नाही.

दुसरी वही महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुकांची. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ पासून आहे आणि त्याचा केंद्रीय निवडणूक आयोगाशी हिशेबाचा संबंध नाही. राबणारे कर्मचारी पुष्कळदा तेच असल्यामुळे लोकांची गल्लत होते, इतकंच.

आपला विषय आहे तिसरी वही: लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानासाठी जिल्ह्याला लागणारा सरकारी पैसा. गंमत अशी, की पहिल्या वहीवर नजर ठेवण्याचा खर्च या तिसऱ्या वहीत पडतो. भरारी पथकं, नाक्यांवर गाड्या तपासणारी स्थिर सर्वेक्षण पथकं, सभांचं चित्रीकरण करणारे कॅमेरे हे सगळं इथंच. उमेदवारानं हात आखडता घ्यावा म्हणून सरकारला आपला हात सैल सोडावा लागतो.

एरवी चार टेबलं, मतदानाला हजारो माणसं

जिल्हाधिकारी हाच जिल्हा निवडणूक अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली उपजिल्हा निवडणूक अधिकारी, एखादा नायब तहसीलदार, काही कारकून. एरवीच्या दिवसांत शाखा एवढीच. तिचं बारमाही काम म्हणजे मतदार यादी. २०२२ पासून नाव नोंदवायला वर्षात चार अर्हता दिनांक आहेत, म्हणजे ज्या दिवशी वयाची अठरा वर्षं पूर्ण असायला हवीत त्या तारखा: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे यादी कधी ‘झाली’ असं होत नाही. घरोघर फिरणारे बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बहुतेक शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. त्यांचं वार्षिक मानधन २०२५ मध्ये ६ हजारांवरून १२ हजार रुपये झालं. एका माणसामागे फरक ६ हजारांचा. जिल्ह्यात दोन हजार केंद्रं असली तर वर्षाला १ कोटी २० लाखांचा. निवडणूक असो वा नसो.

मतदानाच्या दिवशी हीच शाखा हजारो माणसांची होते आणि यातलं जवळपास काहीच तिच्या मालकीचं नसतं. गावातल्या लग्नात भांडी शेजारच्या आळीतून येतात, सतरंज्या शाळेतून आणि वाढपी भाऊबंदांतून, तसंच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १५९ खाली इतर खात्यांचे कर्मचारी मिळतात, कलम १६० खाली इमारती आणि गाड्या ताब्यात घेता येतात. पण उसनं म्हणजे फुकट नव्हे. कलम १६१ सांगतं की ताब्यात घेतलेल्या वस्तूचा मोबदला द्यायचा. अंदाजपत्रकातला मोठा भाग या उसनवारीचा असतो.

खर्चाचं माप मतदार नव्हे, केंद्र

इथं या विषयाची खरी किल्ली आहे, म्हणून जरा थांबू.

एसटी आगारातून सुटली की आत पाच प्रवासी असोत की पन्नास, डिझेल आणि चालक-वाहकाचा पगार बदलत नाही. मतदान केंद्राचं तसंच असतं. केंद्रात ९०० जणांची नावं असोत वा ९०, आणि त्यातले ७० टक्के आले किंवा ४० टक्के, तिथं यंत्रांचा एक संच लागतो, एक केंद्राध्यक्ष, साधारण तीन मतदान अधिकारी, पोलीस, गाडी, खुर्च्या, पाणी, दिवा, फॉर्मचा गठ्ठा, सील करायची लाख आणि शाईची बाटली. गुजरातेत गीरच्या जंगलातल्या बाणेज इथं अनेक निवडणुका एकाच मतदारासाठी केंद्र उभारलं गेलं, त्याची बातमी दर वेळी कौतुकानं छापून येते. हिशेबाच्या नजरेनं पाहिलं तर त्या केंद्राचं बिल इतर केंद्रांपेक्षा फारसं वेगळं नाही. फक्त भागाकारात खाली १ आहे.

म्हणून “मतदान कमी झालं, तेवढा पैसा वाचला” हे खरं नाही. वाचत काहीच नाही; एका मतामागचा खर्च तेवढा वाढतो.

आणि म्हणूनच केंद्रांच्या संख्येला हात लावणारा प्रत्येक नियम थेट अंदाजपत्रकाला हात लावतो. एका केंद्रात जास्तीत जास्त १५०० मतदार ही मर्यादा होती, ती २०२५ मध्ये १२०० वर आली. समजा जिल्ह्यात ३० लाख मतदार आहेत आणि सगळी केंद्रं काठोकाठ भरलेली आहेत. आधी २००० केंद्रं लागायची, आता २५०० लागतील. म्हणजे माणसं, गाड्या, यंत्रं सगळंच सव्वापट. प्रत्यक्षात इतकी वाढ होत नाही, कारण केंद्रं काठोकाठ नसतात. २०२४ च्या लोकसभेला देशात सुमारे ९७ कोटी मतदार आणि साडेदहा लाख केंद्रं होती. सरासरी केंद्रामागे हजाराच्या आतच. वाडी-पाड्यांवरचं केंद्र लहान असतं, शहरातलं तुडुंब. त्यामुळे नव्या मर्यादेचा भार शहरी जिल्ह्यांवर जास्त पडणार. नियम चांगलाच आहे, रांग लहान होते. पण त्याची किंमत आहे आणि ती कुणीतरी आधी मोजून ठेवायला हवी.

केंद्र ते केंद्रच, पण वाट सारखी नाही

अंदाज करणाऱ्याला सर्वांत जास्त छळतो तो वाहनखर्च, असं माझं मत. मतदान पथक आदल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणाहून साहित्य घेऊन निघतं, रात्री केंद्रावरच मुक्काम करतं आणि मतदान संपल्यावर सीलबंद यंत्रं घेऊन रात्री परततं. म्हणजे गाडी दोन दिवसांची. त्यात तिचं थांबून राहणंही आलं. प्रत्येक बारा-पंधरा केंद्रांमागे फिरता क्षेत्रीय अधिकारी असतो; त्याची जीप वेगळी, त्यातलं राखीव यंत्र वेगळं. गडचिरोलीत काही पथकं हेलिकॉप्टरनं सोडावी लागतात. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या पाण्याकाठच्या केंद्रांकडे बोटीनं जावं लागतं. पुण्याच्या पेठेतलं केंद्र आणि सातपुड्यातलं केंद्र यांना एकच दर लावणारा अंदाज कागदावर छान दिसतो आणि मतदानाच्या आदल्या दिवशी कोसळतो.

बाकी बाबी भराभर सांगतो. प्रशिक्षणाच्या दोन-तीन फेऱ्या, म्हणजे सभागृह, चहा-नाश्ता, ध्वनिक्षेपक आणि प्रवासभत्ता. छपाई. जनजागृतीचा ‘स्वीप’ कार्यक्रम. केंद्रावर पाणी, सावली, वीज, स्वच्छतागृह आणि चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प. या रॅम्पबद्दल एक सांगायला हवं: शाळेत एकदा सिमेंटचा रॅम्प बांधला की प्रश्न मिटतो आणि पोरांनाही तो बारा महिने उपयोगी पडतो. तरी कित्येक ठिकाणी दर निवडणुकीला फळ्या भाड्यानं येतात. कायमच्या बांधकामाचा पैसा एका खात्याचा आणि भाड्याचा दुसऱ्याचा असल्यावर असंच व्हायचं.

घरून मतदानाची सोय हा यातला नवा पाहुणा. ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेले मतदार घरीच टपाली मतपत्रिकेवर मत देऊ शकतात. त्यासाठी अधिकारी, चित्रीकरण करणारा, पोलीस आणि गाडी असं पथक दारात जातं. मतदार भेटला नाही तर पुन्हा जातं. एका मतामागे सर्वांत महाग पडणारं मत बहुधा हेच. आधी ही वयोमर्यादा ८० होती. तिच्यातल्या पाच वर्षांच्या फरकानं किती फेऱ्या कमी झाल्या असतील, याचा हिशेब प्रत्येक जिल्ह्याला निराळा करावा लागला असणार.

तारीख ठाऊक नाही, पानं किती तेही ठाऊक नाही

आषाढी एकादशी पंचांगात असते. वारीच्या वाटेवरच्या ग्रामपंचायतीला वर्षभर आधी कळतं की पालखी कधी मुक्कामाला येणार. निवडणुकीचं तसं नाही. साल आणि साधारण महिने माहीत असतात, दिवस नाही. २०२४ मध्ये लोकसभेचा कार्यक्रम १६ मार्चला जाहीर झाला आणि पहिला टप्पा १९ एप्रिलला होता. जिल्ह्यांनी खर्चाचे अंदाज पाठवायचे असतात ते मात्र त्याच्या कितीतरी महिने आधी.

तारखेनं काय फरक पडतो? नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर इथं १९ एप्रिलला मतदान झालं, मुंबईत २० मेला. मतमोजणी मात्र सगळीकडे ४ जूनलाच. मोजणी होईपर्यंत यंत्रं स्ट्राँग रूममध्ये, चोवीस तास बंदूकधारी पहाऱ्यात आणि कॅमेऱ्यांखाली. मुंबईला हा पहारा १५ दिवस, नागपूरला ४६ दिवस. दिवे, जनरेटर, कॅमेऱ्यांचं भाडं, बाहेर उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी घातलेला मांडव, सगळं तिप्पट दिवस. त्याच राज्यात विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ ला होती, म्हणजे पहारा तीन दिवसांचा. आपला टप्पा कितवा, हे जिल्ह्याच्या हातात नसतं.

दुसरी अनिश्चितता उमेदवारांची. मतदान यंत्रावर एका बॅलट युनिटवर म्हणजे बटणांच्या पेटीवर १६ बटणं मावतात. त्यातलं एक ‘नोटा’चं. म्हणजे १५ उमेदवार असले तर एक पेटी पुरते. सोळावा उमेदवार रिंगणात राहिला की मतदारसंघातल्या प्रत्येक केंद्रावर दुसरी पेटी जोडावी लागते. त्या एका माणसानं अर्ज मागे घेतला नाही म्हणून दोन हजार पेट्या गोदामातून बाहेर, त्यांची तपासणी, त्यांच्यासाठी ट्रक, मतपत्रिकेचे आणखी कागद आणि राखीव पेट्या वर. २०१९ मध्ये तेलंगणच्या निजामाबादेत हळद आणि ज्वारीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी सरसकट अर्ज भरले आणि १८५ उमेदवार उभे राहिले. तिथं एकेका केंद्रावर बारा-बारा पेट्या जोडाव्या लागल्या. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यानंतरच हा आकडा पक्का होतो आणि त्यानंतर मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरतात.

म्हणून अंदाजपत्रकात ‘राखीव’ हा शब्द सगळीकडे दिसतो. यंत्रं गरजेपेक्षा २०-२५ टक्के जास्त आणि मतदाराला चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट त्याहून थोडी जास्त. माणसंही जास्त. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते. पण स्टेपनी वापरात आली नाही म्हणून तिचे पैसे वाया गेले असं कुणी म्हणत नाही.

पैसा येतो कुठून

नियम ऐकायला सोपा आहे. लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र झाल्या तर निम्मा-निम्मा. मतदार याद्या आणि कायमची निवडणूक आस्थापना यांचा खर्चही निम्मा-निम्मा. यंत्रं विकत घेण्याचा भार केंद्रावर; ती बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या बनवतात. कायदा-सुव्यवस्थेचा खर्च मात्र लोकसभेलाही राज्याच्याच डोक्यावर.

अडचण पुढं आहे. लोकसभेचा खर्च केंद्राचा असला तरी पैसा आधी राज्याच्या तिजोरीतून जातो आणि नंतर दिल्लीकडून वसूल होतो. म्हणून कोणतं बिल कोणत्या खात्यात पडलं, याला महत्त्व येतं. सरकारी हिशेबात प्रत्येक खर्चाला ठरलेला क्रमांक असतो, त्याला लेखाशीर्ष म्हणतात. निवडणुकांचं मुख्य लेखाशीर्ष २०१५. हे साल नव्हे, क्रमांक आहे. बाहेरचा माणूस पहिल्यांदा कागद पाहतो तेव्हा हमखास फसतो. त्याच्या पोटात याद्यांचा कप्पा वेगळा, संसदेच्या निवडणुकीचा वेगळा, विधानसभेचा वेगळा आणि दोन्ही एकत्र झाल्या तर त्यासाठी चौथा. मिसळणाच्या डब्यासारखं आहे हे. हळदीच्या वाटीत मोहरी पडली की वेचत बसावं लागतं.

जिल्ह्याची मागणी मंत्रालयात मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाते, तिथून सगळ्या जिल्ह्यांची मिळून वित्त विभागाकडे. मागणी कशी काढतात? सर्वांत प्रचलित रीत म्हणजे मागच्या निवडणुकीचा खर्च घ्यायचा आणि वर काही टक्के वाढवायचे. मला ही रीत आळसाची वाटते. मागच्या वेळी पाऊस नव्हता, घरून मतदान नव्हतं, केंद्रं कमी होती, सगळ्या केंद्रांचं थेट चित्रीकरण नव्हतं. केंद्रनिहाय हिशेब मांडला (हे केंद्र डांबरी रस्त्यावर, हे बोटीचं, हे दुसऱ्या मजल्यावरचं म्हणून खाली हलवायचं) तर एका दरातला पाचशे रुपयांचा फरकसुद्धा दोन हजार केंद्रांवर दहा लाख होतो, हे डोळ्यांना दिसतं.

वेळही नेमकी वाईट

सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं. लोकसभा निवडणूक येते मार्च ते जून. म्हणजे तयारी एका आर्थिक वर्षात आणि खर्च दुसऱ्यात. त्यात निवडणुकीच्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्प नसतो. नवं सरकार येईपर्यंतच्या खर्चाला सभागृहाची तात्पुरती मंजुरी घेतात, त्याला लेखानुदान म्हणतात. २०२४ मध्ये केंद्राचा अंतरिम अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला आला आणि पूर्ण २३ जुलैला. महाराष्ट्राचा अंतरिम २७ फेब्रुवारीला, पूर्ण २८ जूनला. देशातला सर्वांत मोठा सोहळा पार पडतो तो या दोन अर्थसंकल्पांच्या मधल्या खिंडीत. मार्चमध्ये न वापरलेला पैसा परत जातो आणि एप्रिलमध्ये नवा पैसा यायचा असतो. पुरला नाही तर पुरवणी मागणी.

हातात रोकड नसली तरी काम थांबवता येत नाही. म्हणून कोषागारातून आगाऊ रक्कम उचलायची सोय असते. तिचा पै-पैचा हिशेब नंतर तपशीलवार देयकानं द्यावा लागतो, त्याला पावत्या जोडाव्या लागतात. मतदानाच्या रात्री दोन वाजता जनरेटरचं डिझेल भरून दिलेल्या माणसाची पावती! ती मिळवणं आणि महालेखापालांच्या लेखापरीक्षकाला पटवणं हे काम निकालानंतर कितीतरी महिने चालतं. उधारीवर मांडव आणि गाड्या दिलेल्या लहान ठेकेदारांचे पैसे अडकल्याच्या तक्रारी येतात त्या याच मधल्या काळातल्या. अंदाज कमी धरला की त्याची झळ अशी शेवटच्या माणसाला लागते.

“सरकारी नोकरांना पगार मिळतोच की, वर भत्ता कशाला?”

कारण काम पगाराच्या बाहेरचं आहे. पहाटे पाचला उठून सहाच्या आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान, मग संध्याकाळपर्यंत खुर्ची सोडायची नाही, मग यंत्रं परत करायच्या रांगेत मध्यरात्र. भत्त्याचे दर आयोग ठरवतो आणि ते काही डोळे दिपवणारे नाहीत. याच वहीत एक असा आकडा आहे, ज्याचा अंदाज कुणी बांधू नये असं वाटतं: निवडणुकीच्या कामावर असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर वारसांना किमान १५ लाख रुपयांचं सानुग्रह अनुदान. एप्रिल-मे महिन्यातलं विदर्भातलं ऊन पाहिलेल्याला या ओळीचं कारण सांगावं लागत नाही.

“पहिली निवडणूक दहा कोटींत झाली, मग आता हजारो कोटी कसे?”

१९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीवर सुमारे साडेदहा कोटी रुपये खर्च झाले आणि मतदार १७ कोटींच्या वर होते. मतदारामागे साठ पैसे. २०१४ मध्ये सुमारे ३,८७० कोटी आणि मतदार ८३ कोटींच्या वर. मतदारामागे साधारण ४६ रुपये. यातला मोठा भाग रुपयाच्या घसरलेल्या किमतीचा, हे उघड आहे. उरलेला भाग आपणच मागून घेतलेल्या गोष्टींचा. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि चिठ्ठी तीत टाकायची. आज यंत्र हवं, त्याच्या शेजारी चिठ्ठी दाखवणारं यंत्र हवं, कॅमेरा हवा, दोन किलोमीटरच्या आत केंद्र हवं, म्हाताऱ्यांच्या दारात पेटी हवी. एकेक मागणी रास्त आहे. प्रत्येकीला केंद्रांच्या संख्येनं गुणायचं असतं.

“दोन्ही निवडणुका एकत्र घेतल्या तर खर्च निम्मा, नाही का?”

महाराष्ट्राला या प्रश्नात जरा जास्तच रस असायला हवा. १९९९ मध्ये इथं लोकसभा आणि विधानसभा एकत्र झाल्या होत्या. २००४ पासून मात्र दर पाच वर्षांनी लोकसभा उन्हाळ्यात आणि विधानसभा दसरा-दिवाळीच्या आसपास, असं जोडीनं पण वेगवेगळं होत आलंय. एकाच वर्षात दोनदा मांडव.

काय वाचेल? गाड्या, मुक्काम, मांडव, प्रशिक्षण, बंदोबस्त. म्हणजे केंद्राला एकदा जावं लागतं म्हणून लागणारा खर्च. हा भाग मोठा आहे. काय वाचणार नाही? यंत्रं. दोन मतं द्यायची तर दोन संच हवेत. २०२३ मध्ये आयोगानं सरकारला कळवलेले दर असे: बॅलट युनिट ७,९००, कंट्रोल युनिट म्हणजे मतं नोंदवून ठेवणारं यंत्र ९,८००, व्हीव्हीपॅट १६ हजार रुपये. यंत्राचं आयुष्य १५ वर्षं धरलं तर एका संचावर तीन निवडणुका निघतात आणि एकत्र निवडणुकांसाठी दर १५ वर्षांनी सुमारे १० हजार कोटी रुपये लागतील, असा आयोगाचा अंदाज होता. शिवाय दुप्पट यंत्रं ठेवायला गोदामं हवीत, आणि ती जिल्ह्यांतच.

याचा छोटा नमुना नांदेडनं पाहिलाय. तिथल्या लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २० नोव्हेंबर २०२४ ला झाली. जिल्ह्यातल्या नऊपैकी सहा विधानसभा मतदारसंघ नांदेड लोकसभेत येतात. तिथं प्रत्येक केंद्रावर दोन संच, दोन रंगांच्या चिठ्ठ्या, जादा माणसं. उरलेल्या किनवट, हदगाव आणि लोहा या तीन मतदारसंघांत एकच संच. एका जिल्ह्यात दोन प्रकारची प्रशिक्षणं, दोन प्रकारचे साहित्याचे गठ्ठे. आणि मोजणीलाही दुप्पट टेबलं, दुप्पट माणसं.

तेव्हा एकत्र निवडणुकांनी पैसा वाचेल, पण निम्मा नाही. आणि वाचलेला किती, हे सांगायला दोन्ही वेळचे केंद्रनिहाय आकडे शेजारी ठेवावे लागतील. ते न ठेवता बोलणारे, बाजूचे असोत की विरोधातले, अंदाजानंच बोलतायत.

“मग मोबाइलवर मतदान घ्या, सगळाच खर्च वाचेल”

केंद्रावरच्या पडद्याचं काम काय? मत देताना शेजारी नवरा, मालक किंवा पुढारी उभा नाही, याची हमी. मोबाइल ती देऊ शकत नाही. शिवाय ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी केंद्रं ठेवावीच लागतील, आणि आपण वर पाहिलंच की अर्धं रिकामं केंद्र अर्ध्या पैशात चालत नाही.

निकालानंतरची बिलं

२३ नोव्हेंबर २०२४ ला दुपारपर्यंत गुलाल उधळून झाला. निवडणूक याचिकेसाठी ४५ दिवसांची मुदत असते, तोवर यंत्रं तशीच सीलबंद ठेवायची. म्हणजे ७ जानेवारी २०२५ पर्यंत कुलूप, पहारा आणि कॅमेरे. याचिका दाखल झाली तर त्या मतदारसंघाची यंत्रं त्यापुढेही. तिकडे ३० दिवसांत उमेदवारांनी खर्चाचे हिशेब द्यायचे, ते तपासायला बसलेली माणसं वेगळी. वाहनांची लॉगबुकं तालुक्यातून येत राहतात, त्यातल्या काहींवर किलोमीटर लिहायचे राहिलेले असतात. आणि या सगळ्यात १ जानेवारीच्या अर्हता दिनांकासाठी अठरा पूर्ण झालेल्या पोरांचे नवे अर्ज त्याच चार टेबलांवर येऊन पडलेले असतात.